बघीराची सलग चाल: सोव्हिएत ‘माउग्ली’च्या कागदांची नोंद

या वेळची नोंद फक्त बघीराची, म्हणजे ‘जंगल बुक’मधल्या काळ्या बिबट्याची. कागद म्हणजे कार्टूनपट करताना हाताने काढलेली पेन्सिलची रेखाटनं. लांडग्यांचे आणि अजगराचे कागद तूर्त फाइलमध्येच ठेवले आहेत, कारण बघीराचे कागद क्रमाने लावायला घेतले आणि ते एकमेकांना लागून निघाले. एकच दृश्य, एकच हात, क्रमांकही जवळजवळ सलग. माझ्या संग्रहात असं पहिल्यांदाच घडतंय, तेव्हा नोंद थोडी लांबेल.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. मॉस्कोच्या सोयूझमल्टफिल्म स्टुडिओत (स्थापना १९३६) रोमान दाविदोव यांनी १९६७ ते १९७१ या काळात ‘माउग्ली’ (म्हणजे मोगली) या कार्टूनपटाचे पाच भाग केले आणि १९७३ मध्ये ते जोडून दीड तासाचा सलग चित्रपट झाला. कलादिग्दर्शक प्योत्र रेपकिन आणि अलेक्सांद्र विनोकुरोव, संगीत सोफिया गुबाइदुलिना यांचं. विनोकुरोव यांनी त्याआधी १९५४ च्या ‘सोनेरी हरीण’साठीही काम केलं होतं, तोही भारतीय कथेवरचाच चित्रपट. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या किपलिंगचं जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या पेंचला लागूनच. पडद्यावरचं जंगल मात्र सागाबांबूचं नाही, ते या चित्रकारांच्या मनातलं आहे, आणि मला ते तसंच आवडतं.

आता कागदांकडे. पडद्यावर बघीरा म्हणजे जवळपास सगळा काळा आकार. आत मोजक्या रेषा, बाकी सपाट रंग. त्यामुळे सेलवर, म्हणजे रेखाटन उतरवून रंगवलेल्या पारदर्शक पत्र्यावर, ती देखणी दिसते, पण तिच्या अंगात काय चाललंय ते रंगाखाली झाकलं जातं. पेन्सिलच्या कागदावर ते सगळं उघडं असतं. माझ्याकडच्या एका कागदावर तिने पुढचा उजवा पंजा नुकताच टेकवलाय. खांद्याचं हाड पाठीच्या रेषेच्याही वर आलंय, आणि त्या उंचवट्यावर चित्रकाराने तीन-चारदा पेन्सिल फिरवून मग एक रेघ ठाम केली आहे. पोटाखाली बरगड्यांची वळणं फिकट दाखवली आहेत. यातलं काहीही रंगात उतरणार नव्हतं, हे काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. तरी काढलं, कारण खांदा आतून बरोबर बसल्याशिवाय बाहेरची रेघ बरोबर येत नाही. या चित्रपटात बघीरा मादी आहे, तिला आवाज ल्युदमिला कसात्किना यांचा. तो आवाज ऐकून मग हे कागद बघा. चालीतला तो संथ, स्वतःवर खूश असलेला डौल खांद्यातूनच येतो.

त्याच कागदाच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक आहे आणि त्याला गोल केलेला आहे. हे मुख्य रेखाटन, म्हणजे हालचालीतली ठळक स्थिती. गोल नसलेले क्रमांक मधल्या रेखाटनांचे, ती बहुधा दुसऱ्याच कुणीतरी काढलेली असतात. समासात एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा आहेत. दोन मुख्य रेखाटनांमध्ये मधली कुठे-कुठे बसवायची, हे त्या खुणा सांगतात. इथे त्या खालच्या टोकाला दाटीवाटीने आहेत, म्हणजे पंजा टेकताना चाल मंदावते. हे वाचता यायला लागलं की एक कागद हातात घेऊनही हालचाल जाणवते. माझ्या मते निर्मितीच्या रेखाटनाची खरी किंमत चित्रापेक्षा समासात जास्त आहे. फ्रेमच्या माउंटखाली समास झाकून किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कापून टाकलेले कागद बघितले की जीव तुटतो.

लाइट बॉक्सचं, म्हणजे कागदांना खालून उजेड देणाऱ्या पेटीचं, काम झालं. पॅनेल साधंच, ट्रेसिंगसाठी मिळतं ते. अडचण पेग बारची, म्हणजे कागदांची भोकं अडकवून ते एका जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीची, होती. या कागदांची भोकं आज बाजारात मिळणाऱ्या पट्टीशी जुळत नाहीत. शेवटी भोकांचं माप घेऊन सुताराकडून सागवानी पट्टी करून घेतली आणि खुंट्या किंचित बारीक ठेवल्या, म्हणजे जुन्या कागदाची भोकं फाटायला नकोत. कागद जोर न लावता बसतो, बोटाने अलगद उचलता येतो. पाच-सहा कागद एकावर एक लावून फडफडवले आणि बघीरा चालली. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

मग चित्रपटाशी ताळा. प्रत्येक कागद स्कॅन केला, पेगची भोकं एका जागी आणून सगळे थर जुळवले आणि चित्रपट फ्रेम-फ्रेमने पुढे नेत गेलो. जागा दुसऱ्या भागात सापडली. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक रेखाटन दोन फ्रेम असं धरलं तर सेकंदाला १२ रेखाटनं होतात, आणि माझ्या कागदांचे क्रमांक पडद्यावरच्या बदलांशी तसेच पडतात. फक्त जिथे ती थांबून मान वळवते, तिथे एकच रेखाटन बराच वेळ धरून ठेवलंय. कागद बघून हे कळलं नसतं, त्यासाठी चित्रपटच बघावा लागतो.

आता जे मला आग्रहाने सांगायचंय ते. दीड तासाच्या चित्रपटाला सेकंदाला १२ या दराने, एकच थर धरला तरी, साठ हजारांच्या वर रेखाटनं लागतात. त्यातली किती टिकली असतील? सेल तर त्या काळी धुऊन पुन्हा वापरायची पद्धत होती. कागदांमागे इतकं कुणी लागलं नाही, म्हणून काही वाचले. जे वाचले ते विक्रेते सुटे करून विकतात, कारण चेहरा समोर असलेल्या एकाच कागदाला जास्त भाव येतो आणि मान खाली, पाठ इकडे असलेल्या मधल्या कागदांना कुणी विचारत नाही. पण चाल त्या मधल्या कागदांमध्ये आहे. घ्यायचं तर जोडून घ्या, थोडे घ्या, पण लागोपाठचे घ्या. आणि आपापसांत देवाणघेवाण करताना मालिका मोडू नका. माझ्याकडे अकेलाचा, म्हणजे लांडग्यांच्या म्होरक्याचा, एक देखणा कागद आहे. त्याचे आधीचे-नंतरचे कुणाकडे असतील तर तो मी आनंदाने त्यांना देईन.

पावसाळ्याचं थोडं. कोकणपट्टीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपले खरे शत्रू दमट हवा, बुरशी आणि कसर. कागदांमध्ये नेहमीचा बटर पेपर घालू नका, आम्लरहित टिश्यूच हवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. सेल आणि कागद कधीच एका डब्यात नको. अॅसिटेटची सेल जुनी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो आणि त्या वाफा शेजारच्या वस्तूही खराब करतात. सेलला चिकटून बसलेला कागद ओढून काढायचा नाही. गौशचा (पाण्यात मिसळणारा दाट) रंग त्याच्याबरोबर निघून येतो. मी तसे जोड जसेच्या तसे ठेवतो.

पुढचं काम म्हणजे मधे गळलेले क्रमांक. पंजा टेकल्यानंतर मागचा पाय पुढे येतो, नेमके तिथले कागद माझ्याकडे नाहीत. चित्रपटातल्या फ्रेमवरून त्या जागी कोरे कागद घालून, भोकं पाडून, बारीक अक्षरात ‘नाही’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे क्रम ढळणार नाही. ती रेखाटनं स्वतः काढून भरायचा सल्ला एकाने दिला, तो मला पटत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे बघीराचे डावीकडून उजवीकडे चालतानाचे कागद असतील, विशेषतः डोकं खाली आणि शेपटी वर असलेले, तर कोपऱ्यातला क्रमांक आणि समासातल्या खुणांचा फोटो पाठवा. चित्राचा नसला तरी चालेल, जुळतो का ते खुणांवरून लगेच कळेल.