जी उलटा पडला की क्यू होतो

महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागवलं, तेव्हा वाटलं की शाळेच्या वाचनालयात बसणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना उपयोगी पडेल असंच लिहावं: कादंबरीतली प्रतीकं कशी वाचायची. त्यासाठी हॅरिएट बीचर स्टोव यांची, अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) घेतो; टॉम हा तिच्यातला गुलाम नायक. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. त्या झटण्यात या कादंबरीचा वाटा फार मोठा.

उत्तरपत्रिकेत हमखास होणारी चूक म्हणजे ‘नदी हे स्वातंत्र्याचं प्रतीक’ असं लिहून मोकळं होणं. गुलामगिरीतून पळालेली एलायझा पोराला कवटाळून ओहायो नदीतल्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत केंटकीतून पलीकडे जाते. पायातले जोडे गेलेले, मोजे फाटलेले, पावलागणिक रक्त. पण पलीकडे गुलामगिरी नसली तरी १८५० च्या कायद्याने पळून आलेल्याला तिथूनही धरून नेता येई. म्हणून तिला थेट कॅनडा गाठावा लागतो. हा कायदा माहीत नसेल तर नदीचा अर्थ अर्धाच हाती लागतो.

त्यापेक्षा एखादी वस्तू धरा आणि ती कोणत्या प्रकरणात कुणाच्या हाती गेली ते वहीत टिपत जा. चांदीचा डॉलर घ्या. दहाव्या प्रकरणात टॉमला विकून नेत असताना मालकाचा मुलगा जॉर्ज तो दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधतो. तुला परत आणीन, हा त्याचा शब्द. भोक पाडून दोरा ओवायची युक्ती टॉमच्या बायकोची, क्लोईची. पस्तिसाव्या प्रकरणात टॉमच्या गळ्यातला तोच डॉलर सँबो हा मुकादम लेग्रीकडे, म्हणजे टॉमच्या नव्या क्रूर मालकाकडे आणतो, तेव्हा तो चेटकिणीचा ताईत झालेला असतो. सोबत टॉमच्या आधीच्या मालकाची मुलगी, छोटी एवा, हिच्या केसांची बट. ती लेग्रीच्या बोटाभोवती गुंडाळली जाते आणि त्याला मेलेल्या आईची बट आठवते. तो बट आगीत टाकतो, डॉलर काच फोडून बाहेर भिरकावतो. हात बदलला की अर्थ बदलला.

‘अंकल टॉम’ ही पुढे लाचार माणसाची शिवी झाली, ती बरीचशी रंगभूमीवरच्या विकृत रूपांतरांमुळे. कादंबरीतला टॉम चाबूक चालवायला नकार देतो, लपलेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही आणि त्यापायी मार खाऊन मरतो. हा माणूस लाचार नव्हे.

आणि टॉमची ती खोपटी, नावातली ‘केबिन’? चौथं प्रकरण सावकाश वाचा. लाकडी ओंडक्यांची खोली, भिंतीवर जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र. टॉम पाटीवर अक्षरं गिरवतोय. इंग्रजी ‘जी’ची शेपटी उलट्या बाजूला वळते आणि तेरा वर्षांचा जॉर्ज त्याला सांगतो, असा काढलास तर क्यू होतो. त्याच वेळी मोठ्या घरात जॉर्जचे वडील टॉमच्या विक्रीच्या कागदावर सही करत असतात.