पेंढा, लव्हाळी आणि विलो : मेयोतील घरगुती कारागिरी

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात, कॅसलबार शहराजवळच्या टरलो या गावी, राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनविषयक शाखा आहे. ती २००१ साली सुरू झाली. साधारण १८५० ते १९५० या काळातील शेतकऱ्यांच्या वापरातील वस्तू तेथे पाहायला मिळतात आणि प्रवेश विनामूल्य आहे. जवळचा जमीनदारी वाडाही देखणा आहे. पण मी गेलो होतो तो हातकामासाठी.

या भागात झाडी विरळ, त्यामुळे लाकूड मोलाचे. म्हणून घरातील कितीतरी गरजा पेंढा, लव्हाळी आणि विलो या झाडाच्या लवचीक फोका यांवरच भागवल्या जात. ओटच्या पेंढ्याची ‘सूगान’ ही दोरी वळायला दोघे लागत : एकजण बसून पेंढा पुरवीत राही आणि दुसरा आकड्याने पीळ देत मागे मागे सरके. याच दोरीने खुर्च्यांच्या बैठका विणल्या जात आणि छपरावरचे शाकारणही वाऱ्यापासून बांधून ठेवले जाई.

मला सर्वांत थोर वाटली ती पाठीवरची क्रील ही टोपली. तिची वीण काठापासून सुरू होते : फोका जमिनीत चौकोनात उभ्या रोवून त्यांत आडव्या फोका गुंफत वर जायचे, मध्ये हात घालण्यापुरती मोकळी जागा सोडायची आणि शेवटी उभ्या फोका वाकवून तळ बांधायचा, म्हणजे टोपली पूर्ण होईपर्यंत उलटीच असते. गाढवाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या टोपल्यांना काही ठिकाणी उघडता येणारा तळ असे, त्यामुळे शेतात खत टाकताना त्या उतरवाव्या लागत नसत. उकडलेले बटाटे उथळ टोपलीत ओतून पाणी निथळू देत आणि सारे कुटुंब तिच्याभोवती बसून जेवे. इतकी विचारपूर्वक केलेली रचना ज्यांनी घडवली, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

लोणी काढण्याच्या उंच लाकडी पिंपात दांडा आपल्या रवीसारखा फिरवीत नाहीत, वर-खाली आपटतात. घुसळण चालू असताना घरात आलेल्या पाहुण्याने चार हात मारायलाच हवेत, नाहीतर लोण्याची बरकत त्याच्याबरोबर जाते, असा समज होता.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी, ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या सणाच्या आदल्या दिवशी, लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर आणि गोठ्यात लावत. नवा क्रूस आला तरी काही घरांत जुने आढ्यालाच राहू देत.