घरचं कॅलेंडर वर्डमध्ये बनवलं, माझा अनुभव

आमच्याकडे इंदूरला स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात, एक किराणावाल्याने दिलेलं हिंदी आणि एक मराठी, जे पुण्याहून कोणी येणार असलं की मागवून घेतो. मागच्या वर्षी मराठी कोणी आणलंच नाही. त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाबांच्या श्राद्धाची तिथी पहिल्यांदाच नवऱ्याने बघितली. श्रावण वद्य पंचमी. हिंदी कॅलेंडरमध्ये श्रावण कृष्ण पंचमी जुलैत दिसली, गुरुजींना फोन केला, सगळं व्यवस्थित पार पडलं. आणि ऑगस्टमध्ये बडोद्याहून आत्यांचा फोन, "काय रे, उद्या दादाचं श्राद्ध ना, तयारी झाली का?"

नवरा फोन हातात धरून नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी परत सगळं केलं, पण आईंना ते फार लागलं, त्या दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

झालं काय होतं तर इकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, घोळ फक्त वद्य पक्षात होतो, आपला श्रावण वद्य म्हणजे इकडचा भाद्रपद कृष्ण. म्हणून जन्माष्टमी आपल्याला श्रावणातली आणि शेजारच्यांना भादोंमधली, दिवस एकच. गुजरातेत पण महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, त्यामुळे आत्यांना बडोद्यात बसून बरोबर माहीत होतं आणि आम्हाला इथे नाही. तेव्हाच ठरवलं की २०२६ चं कॅलेंडर मी घरी बनवणार, ज्यात वद्य पक्षात दोन्ही नावं असतील, आपलं ठळक आणि इकडचं खाली बारीक, आणि घरातल्या सगळ्या तिथी, वाढदिवस, इंदूरच्या सुट्ट्या एकाच जागी असतील.

मला वर्डमध्ये अर्ज लिहिण्यापलीकडे काही येत नव्हतं. आधी तयार टेम्प्लेट उघडून बघितलं, त्यात वार वरती आडवे. आई म्हणाल्या, "हे मला वाचताच येणार नाही गं, वार डावीकडे हवेत आणि तारखा वरून खाली." बरोबरच आहे, आयुष्यभर त्यांनी मराठी कॅलेंडर तसंच बघितलंय. मग टेम्प्लेट सोडलं आणि ए४ पान आडवं करून स्वतःच टेबल टाकलं, ७ ओळी वारांच्या, ६ कॉलम, पहिल्यात वाराचं नाव आणि बाकी ५ तारखांचे. वर एक ओळ महिन्याच्या नावाची.

पाच कॉलममध्ये सगळे महिने बसत नाहीत हे मेपर्यंत आल्यावर कळलं. मे २०२६ शुक्रवारी सुरू होतो, म्हणजे ३१ ला तारखांचा सहावा कॉलम लागतो, ऑगस्ट शनिवारी सुरू होतो, त्यात ३० आणि ३१ दोन्ही उरतात. छापील कॅलेंडरवाले काय करतात ते आठवलं, उरलेल्या तारखा पहिल्या कॉलममध्ये वरच्या रिकाम्या चौकटींमध्ये टाकतात, तेच केलं. फेब्रुवारी मात्र रविवारी सुरू होऊन शनिवारी २८ ला संपतो, बरोबर चार कॉलम, पाचवा अख्खा रिकामा, तिथे गॅसवाला, प्लंबर आणि आईंच्या डॉक्टरांचे नंबर टाकले.

टाइप करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारखांमध्ये. टॅब दाबला की कर्सर उजवीकडे जातो आणि आपल्या तारखा तर खाली जायला पाहिजेत, जानेवारी पूर्ण केला तेव्हाच हात दुखायला लागला. मग मुलाने सांगितलं की आई, एक्सेलमध्ये १, २ लिहून खाली ओढ आणि कॉपी करून इकडे पेस्ट कर. ते मस्त जमलं, फक्त आकडे इंग्रजी आले, ते शेवटी फाइंड अँड रिप्लेसने दहा वेळा बदलले, एकेक आकडा, पाच मिनिटांत पूर्ण वर्ष मराठीत.

चौकटींचं पण एक सांगते, कोणाला उपयोग होईल. तिथी आणि सण लिहायला लागले की ज्या चौकटीत जास्त मजकूर ती फुगायची आणि पूर्ण टेबल वाकडं व्हायचं. टेबल प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ओळीची उंची 'एक्झॅक्टली' करायची आणि मजकुराप्रमाणे आपोआप मोठं होण्याची टिक काढून टाकायची, मग चौकट हलत नाही. आणि प्रत्येक महिन्यानंतर एक कोरं पान येत होतं ते दोन दिवस जात नव्हतं, डिलीट दाबून दाबून थकले. टेबलनंतर वर्ड एक रिकामी ओळ ठेवतोच, ती पुसता येत नाही, तिलाच जागा न मिळाल्यामुळे ती पुढच्या पानावर जात होती. त्या ओळीचा फॉन्ट साइज १ केला आणि कोरी पानं गेली!!

तिथी मी पंचांग समोर ठेवून भरल्या, आणि तिथेच मोठी चूक होता होता राहिली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मी घाईत ज्येष्ठ पौर्णिमा बघून वटपौर्णिमा ३१ मेला लिहून टाकली, त्याच चौकटीत अहिल्याबाईंची जयंती होती म्हणून आणखीच छान वाटलं. आई चष्मा लावून प्रत्येक पान तपासत होत्या, त्यांनी लगेच धरलं, "अगं हा धोंड्याचा महिना, वटपौर्णिमा निजात." मग २९ जूनला नेली. आमच्या शेजारच्या भाभी वडाची पूजा पौर्णिमेला नाही, अमावास्येला करतात, ती १६ मेला येते, ते पण बारीक अक्षरात टाकलं कारण त्या दिवशी त्या आईंना बोलावतात. श्रावणाचं पण तसंच, इकडचा सावन ३० जुलैला लागेल आणि आपला १३ ऑगस्टला, दोन्ही लिहिलं. रंगपंचमी ८ मार्चला, तिथे लाल अक्षरात गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत निघणारी मोठी मिरवणूक, त्या दिवशी राजवाड्याकडे जायचं काम कोणी काढायचं नाही.

प्रिंटच्या दुकानात पेनड्राइव्हवर वर्डची फाइल नेली होती. तिकडच्या कम्प्युटरवर उघडली तर तो फॉन्टच नाही, अक्षरं मोठी झाली आणि अर्धी तिथी चौकटीच्या खाली गायब. घरी परत येऊन पीडीएफ केली, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो. ए४ वर बनवलेलं ए३ वर छापलं तरी प्रमाण तेच राहतं, त्यामुळे काही बदलावं लागलं नाही. तो मुलगा चकचकीत आर्ट पेपर घ्या म्हणत होता, मी आधी एक पान छापून त्यावर पेन्सिलने लिहून बघितलं, लिहिलंच जात नाही. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला, हे रोज लिहायचं असतं, म्हणून साधा बॉन्ड पेपर घेतला आणि वरती स्पायरल.

बाबांच्या तिथीची चौकट मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. घरी आणल्यावर आईंनी आधी ते पान उघडलं, पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मग कॅलेंडर भिंतीवर लावायला दिलं.

एक कॉपी बडोद्याला पाठवली. आत्यांचा फोन आला, सगळं बरोबर आहे पण तिथी वाचताना त्रास होतो, अक्षर मोठं कर. तिथीसाठी मी वेगळी स्टाइल केलेली होती म्हणून एकाच जागी ९ चे १२ केले आणि बाराही महिने बदलले, फक्त सणांच्या तीन-चार चौकटींमध्ये मजकूर कापावा लागला. त्यांच्यासाठी परत छापून काल कुरिअर केलंय.