आडतीपेक्षा वेगळे काय?

लातूरच्या बाजारपेठेतून जाताना शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांच्या, पाट्या वाचत जाण्याची मला खोड आहे. बहुतेक पाट्यांवर एक हिरवे पान, मागे उगवता सूर्य आणि नावात ‘बळीराजा’, ‘किसान’ किंवा ‘ॲग्रो’ यांपैकी एक शब्द असतोच. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. त्यानंतर आमच्या भागात अशा कंपन्या इतक्या निघाल्या की एकीची पाटी काढून दुसरीच्या दारावर लावली, तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. अशाच एका कंपनीचे हिशेब मी काही वर्षांपासून पाहतो आणि आमच्या पाटीवरही तेच पान आहे, हे आधीच कबूल करतो.

चार कंपन्यांत आपली ओळख वेगळी कशी पडेल, यावर संचालकांच्या बैठकीत पुष्कळ चर्चा झाली. नवे बोधचिन्ह, रंगीत माहितीपत्रक, गाडीवर नाव, असे बरेच काही सुचवले गेले. मात्र प्रश्न नेमका मांडला तो बैठकीच्या शेवटी चहाला थांबलेल्या एका वयस्कर सभासदाने. “पाटी नंतर रंगवा भैय्या. आडतीवर माल नेला काय अन् तुमच्याकडं घातला काय, फरक कुठं पडतो तेवढं सांगा.” आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्या दलालाची पेढी. भाव तर दोन्हीकडे बाजाराचाच असतो. आम्ही तो ठरवत नाही आणि क्विंटलमागे पन्नास-शंभर रुपये जास्त देण्याची चढाओढ आम्हाला एक हंगामही परवडली नसती.

मग आम्ही पट्टीकडे, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीकडे, पाहिले. सोयाबीनचा सौदा हवा, माती आणि डागी या तीन शब्दांवर होतो. माती म्हणजे मालातला कचरा, डागी म्हणजे डाग पडलेले दाणे आणि हवा म्हणजे दाण्यातील ओलावा. हमीभावाच्या खरेदीत हा ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत चालतो. खासगी सौद्यात मात्र मूठभर दाणे हातात घेऊन, एक दाताखाली फोडून, ‘हवा जास्त आहे’ असे सांगितले जाते आणि कडता, म्हणजे त्यापोटीची कपात, कापला जातो. किती हवेला किती कडता, हे शेतकऱ्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही, कारण मागे ट्रॅक्टरची रांग असते. आम्ही ओलावा मोजण्याचे यंत्र काट्याशेजारी, शेतकऱ्याला पडदा दिसेल असे ठेवले. तीन वेळा नमुना घ्यायचा, तिन्ही आकडे पट्टीवर लिहायचे आणि कपातीचा दर भिंतीवर लावायचा, एवढाच नियम केला. पहिल्या आठवड्यात रांग लांबली, हमाल वैतागले आणि एका संचालकाने हा सगळा पोरखेळ असल्याचे सुनावले. दिवाळीनंतर मात्र शेजारच्या गावांतले, सभासद नसलेले शेतकरीही ‘आकडे लिहून देणाऱ्यांकडे’ म्हणून येऊ लागले. कंपनीचे नोंदणीकृत नाव त्यांना आजही सांगता येत नाही.

पुढच्या हंगामात आसपासच्या दोन-तीन ठिकाणी तशीच यंत्रे आली. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते, शेतकऱ्याचे भलेच झाले. पण आमचे वेगळेपण एका वर्षात संपले, हेही खरे. यंत्र कोणीही विकत आणू शकतो. त्याच सुमारास, २०२४ मध्ये, आमच्या जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोली चिंच यांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यावर स्वार व्हावे असा सूर निघाला. मला ते पटले नाही. मानांकनाने त्या मुलखाचा माल इतर मुलखांहून वेगळा ठरतो. त्याच मुलखातल्या दहा विक्रेत्यांपैकी तुम्ही वेगळे ठरत नाही.

आम्हाला जे वेगळेपण सापडले ते आम्ही विकतो त्या बियाण्यात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, हे इथला शेतकरी विसरलेला नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते. काढणीच्या वेळी भिजला, मळणी यंत्र जास्त वेगाने फिरले किंवा गोण्यांची थप्पी उंच लागली, की वरून टपोरा दिसणारा दाणाही उगवत नाही. बियाण्याच्या सरकारी प्रमाणकानुसार किमान ७० टक्के उगवण हवी आणि हा आकडा आमच्या लेबलावरही छापलेला असतो. विक्रीचा परवाना घेतल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल तर येतोच, पण आम्ही त्यावर थांबत नाही. प्रत्येक लॉटमधले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सात-आठ दिवसांनी सभासदांसमोर गोणपाट उलगडून कोंब मोजतो. तो आकडा जसा येईल तसा गोणीवर लिहिला जातो. घरचे बियाणे घेऊन येणाऱ्यालाही हीच चाचणी करून देतो. त्याचे ६० दाणे उगवले, तर एकरी ३० किलोऐवजी ३५ किलो पेरा असे सांगतो, म्हणजे आमची एक गोणी कमी विकली जाते.

गेल्या उन्हाळ्यात एका लॉटचे ५८ दाणे उगवले. माल एका संचालकाच्या चुलतभावाचा होता. दुसरा नमुना घेतला, तो ६१ भरला. त्या गोण्या बियाण्यातून काढून तेलाच्या गिरणीला गेल्या आणि किमतीतला फरक त्या चुलतभावाला सोसावा लागला. तो अजून आमच्या त्या संचालकांशी बोलत नाही, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यालाही आला नाही. हे वेगळेपण शेजाऱ्याला उचलता येणार नाही असे मला वाटते, ते या ५८ मुळे. गोणपाट कोणाकडेही असते, स्वतःच्या भावकीचा माल परत पाठवणे अवघड असते.

यंदा गोणीचे नवे डिझाइन आले आहे. पान आणि सूर्य कायम आहेत, त्यावरून कोणी भांडले नाही. ब्रीदवाक्याच्या जागी आम्ही एक पांढरा चौकोन कोराच ठेवायला सांगितला. डिझाइन करणाऱ्याने दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्या चौकोनात उगवणीचा आकडा आणि मोजल्याची तारीख हाताने लिहायची आहे. बॉलपेन त्या कापडावर उठत नाही, म्हणून जाड मार्करचे एक खोके मागवले आहे.