शब्द मिनाको योशिदाचे

‘सिटी पॉप’ची, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी शहरी पॉप संगीताची, गोडी लागलेला माणूस कधी ना कधी ‘स्पार्कल’पाशी येऊन थांबतोच. १९८२ सालच्या ‘फॉर यू’ अल्बममधलं हे पहिलंच गाणं. सुरुवातीला फक्त गायक-संगीतकार तात्सुरो यामाशिताची गिटार. तार छेडायची आणि सूर लांबायच्या आत तोडायचा, अशी ती खटकेबाज वाजते. मग ड्रम्स आणि बेस येतात आणि आपली मान आपोआप डोलायला लागते. या गिटारवर लोक तासन्‌तास बोलतात, मुखपृष्ठावरच्या एइझिन सुझुकीच्या चित्रावर बोलतात. गाणं लिहिलं कुणी, हे सहसा कुणी विचारत नाही.

लिहिलंय मिनाको योशिदानं. आणि हे एकच नव्हे. १९७६ च्या ‘सर्कस टाउन’ या यामाशिताच्या पहिल्या एकल अल्बमपासून ती त्याच्यासाठी लिहीत होती. ‘लव्ह स्पेस’, ‘म्युझिक बुक’, ‘लव्ह टॉकिन’’, सगळे शब्द तिचे. शिवाय कोरसमध्येही तीच. १९७८ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागातल्या ‘पिट इन’ या जॅझ क्लबात ध्वनिमुद्रित झालेला ‘इट्स अ पॉपिन’ टाइम’ ऐका: कीबोर्डवर र्‍युइची साकामोतो, ड्रम्सवर ‘पोंटा’ मुराकामी, आणि मागून भरून येणाऱ्या आवाजांत योशिदा.

आपल्याला जपानी येत नाही, त्यामुळे गीतकार खिजगणतीतही नसतो. पण मला वाटतं, अर्थ कळत नसताना आपण तिलाच सर्वांत जास्त ऐकत असतो. ‘स्पार्कल’ची पहिली ओळ सात समुद्रांची आहे: ‘नानात्सु नो उमी’. तोंड उघडताच दोन मोकळे आकार, मग ओठ मिटत जाणारे उकार-ओकार, शेवटी लखलखीत ई. श्वास कुठे पुरतो, आवाज कुठे फुलतो, हे स्वतः गाणाऱ्या बाईला ठाऊक असणारच. सात समुद्रांवरून गोळा होणाऱ्या देवींच्या वस्त्रांना हात लागतो, वगैरे अर्थ मी नंतर वाचला. छान आहे. नसता कळला तरी चाललं असतं.

नाव मागे पडायला एक साधं कारणही आहे. यामाशितानं आपले अल्बम स्ट्रीमिंगवर आणलेले नाहीत. बाहेरच्या जगानं ही गाणी ऐकली ती कुणीतरी चढवलेल्या व्हिडिओंवरून, तिथे खाली फक्त गायकाचं नाव. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकाराचं नाव सांगायची शिस्त किती मोलाची होती, हे अशा वेळी जाणवतं.

१९८३ च्या ‘मेलोडीज’पासून तो बहुतेक गाणी स्वतःच लिहू लागला. त्याचं सर्वांत गाजलेलं ‘ख्रिसमस इव्ह’ त्यातलंच, शब्दांसकट त्याचं. सरळ, साधं, गोड. मला मात्र योशिदाच्या शब्दांवरचा यामाशिता जास्त आवडतो, तिथे तो थोडा अनोळखी वाटतो.

दोघांची खरी गंमत ‘रेनी डे’मध्ये आहे. चाल त्याची, शब्द तिचे, आणि १९८० या एकाच वर्षी दोघांनीही ते आपापल्या अल्बममध्ये घेतलं: त्यानं ‘राइड ऑन टाइम’मध्ये, तिनं ‘मोनोक्रोम’मध्ये. त्याच्या गळ्यात पाऊस खिडकीबाहेर पडतो, तिच्या गळ्यात घरात. आधी तिचं ऐका.