हॅक्सॉच्या पात्याचे दाते

कोकण किनाऱ्यावर जुना नट सहसा सुटत नाही, तो कापावाच लागतो. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने फाटकाची बिजागरी, विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट, पडवीच्या पत्र्याचे हूक एकदा गंजले, की पाना नुसता घसरत राहतो आणि मग हॅक्सॉची, म्हणजे चौकटीत पाते ताणून बसवलेल्या, धातू कापायच्या करवतीची शोधाशोध सुरू होते. तो बहुतेक घरी असतो. त्यात पाते कोणते आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते. वास्तविक चौकट आयुष्यात एकदाच पारखून घ्यावी आणि पात्याचा विचार प्रत्येक कामाला नव्याने करावा. पाते ताणल्यावर जी वाकत नाही, ती चौकट चांगली. तिच्याबद्दल याहून अधिक बोलण्यासारखे काही नाही.

नेहमीचे पाते 12 इंची असते आणि त्याची खरी ओळख इंचामागे किती दाते यावरून पटते: 14, 18, 24 किंवा 32. जाड सळई कापायची तर दाते मोठे हवेत, कारण बारीक दात्यांच्या फटींत कीस अडकून पाते नुसते घासत बसते. उलट पाण्याच्या नळाचा पाइप किंवा अँगल असेल तर 24चे आणि पातळ पत्र्याला 32चे पाते घ्यावे. कोणत्याही क्षणी निदान तीन दाते धातूवर टेकलेले असावेत, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरते. एरवी पत्र्याची कड दोन दात्यांच्या मध्ये शिरते आणि दात कट्कन उडतो. पाइप कापताना म्हणूनच तो थोडा थोडा फिरवत जावा, एका दमात आरपार जाण्याचा हट्ट धरू नये.

पाते बसवताना दाते मुठीपासून दूर, समोरच्या दिशेला असावेत, कारण कापणे घडते ते पुढे ढकलताना. मागे ओढताना जोर सैल सोडायचा. पाते ताणणारा पंखांचा नट हाताने आवळावा आणि पात्याला टिचकी मारून पाहावी: टणक आवाज आला म्हणजे ताण बरोबर. सुरुवातीला तिकोनी कानशीने लहानशी खाच पाडली, तर पाते इकडेतिकडे सरकत नाही. त्यानंतर मिनिटाला 40-50 हेलकावे, तेही पात्याच्या पूर्ण लांबीचे, पुष्कळ झाले. घाईने पाते तापते आणि मधलेच दाते बोथट होतात. लोखंडावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. फणस चिरताना विळीला खोबरेल लावतात, तसेच हे, कारण निराळे असले तरी.

अडचणीच्या जागी, जिथे हात तिरका पडतो, तिथे संपूर्ण कडक पाते जरा पिळले की तुटते. कडक दाते आणि लवचीक पाठ असलेले बायमेटल पाते अशा वेळी चार पैसे जास्त देऊनही घ्यावे. काम अर्ध्यावर असताना पाते तुटलेच, तर नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. झिजलेल्या दात्यांनी पाडलेली खाच अरुंद असते, नवे पाते तिच्यात अडकून पुन्हा मोडते. म्हणून बोल्टच्या दुसऱ्या बाजूने नव्याने सुरुवात करावी. तुटलेला तुकडाही टाकून देण्याची गरज नाही: एका टोकाला कापड घट्ट गुंडाळले, की पंपामागच्या ज्या नटापर्यंत चौकट पोहोचत नाही, तिथे तोच उपयोगी पडतो.