ट्रेव्हली आणि सुरय, 1:6: डायोरामाची दुसरी नोंद, बडोदा

सेशेल्समधल्या फार्क्वार प्रवाळबेटावर नुकती उडू लागलेली सूटी टर्नची (एक समुद्री सुरय) पिल्लं पाण्यालगत आली की जायंट ट्रेव्हली हे मोठे मासे उसळी मारून त्यांना हवेतच धरतात. तो क्षण डायोरामात, म्हणजे छोट्या त्रिमितीय देखाव्यात, पकडायचाय. मासा झाला, पक्षी रंगला, पाणी अर्धं बाकी.

मासा 120 सेंमीचा धरलाय, म्हणजे 1:6 प्रमाणात आपला 20 सेंमी. आत 2 मिमी ॲल्युमिनियमची तार, भोवती तासलेला थर्माकोल, वर एम-सीलचा 2 मिमी थर. भरीव केलात तर वजनाने तार लवते. उघड्या थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा पॉलिस्टर रेझिन लावू नका, तो विरघळतो, इपॉक्सी चालतं. तार वाकवायची ती आडवी. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, पण त्यावरून अंदाज घेऊ नका: देवमासा कणा वर-खाली हलवतो, मासा डावी-उजवीकडे. जबडा हौसेने कानापर्यंत फाडला जातो, तेही चूक. ट्रेव्हलीचा वरचा ओठ पुढे सरकतो, तोंडाची फट डोळ्यामागे जात नाही. शेपटीकडे बाजूच्या रेषेवर टणक, टोकदार खवल्यांची रांग असते. एम-सील अर्धवट घट्ट झाल्यावर सुईने उठवा. ओलं असताना सुई लावली तर कडा बसतात.

पक्ष्यावरच बहुतेक मॉडेलं फसतात. वर काळा, खाली पांढरा सूटी टर्न म्हणजे प्रौढ पक्षी. शिकार मुख्यतः पिल्लांची होते, आणि पिल्लू जवळजवळ सगळं गडद तपकिरी असतं. पाठीवर आणि पंखांवर पांढुरके ठिपके. ते टूथपिकच्या टोकाने द्या, ब्रशने ओघळतात. पंखांचा पसारा 14 सेंमी. आधाराला पतंगाच्या कामट्या उत्तम: लवचीक, हलक्या, आणि उत्तरायणानंतर गच्चीवर फुकट. मान पुढेच ठेवा. मासा मागून-खालून येतो, पिल्लाला तो दिसलेला नसतो.

उसळलेल्या पाण्यात 3 मिमीची स्टीलची सळई लपवलीय, सगळा भार तिच्यावर. भोवती ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिक) पट्ट्या गरम हवेने मुरडून लावल्या की पाण्याचे पडदे होतात. तळाला इपॉक्सी रेझिन, एका वेळी 6 मिमीच. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की आकारमानाचं ते बघा. हार्डनर बहुधा हलका असतो, त्यामुळे गल्लत झाली की रेझिन चिकट राहतं. बडोद्याच्या मे महिन्यात जाड थर तापून पिवळा पडतो, तडकतो. पावसाळ्यात वर तेलकट साय धरते. ती कोमट पाण्याने पुसून, पूर्ण वाळवूनच पुढचा थर. खरं तर हे काम जानेवारीचं.

असाच डायोरामा शार्कचा करायचा तर मेक्सिकोच्या आखाताचा विषय सुचवला जातो. 2019 च्या अभ्यासात 105 लहान टायगर शार्कपैकी 41 जणांच्या पोटात पक्ष्यांचे अवशेष मिळाले, ओळख पटलेले सगळे जमिनीवरचे पक्षी. पण हाती आलं ते पोटातलं. झडप कशी घातली ते त्यातून कळत नाही, मग मांडायचं काय? त्यापेक्षा हवाईच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्सवरचा टायगर शार्क आणि अल्बट्रॉसचं पिल्लू, 1:12. चावताना शार्कचा डोळा पांढुरक्या पडद्याने झाकतो, तेव्हा काळं बुबुळ रंगवायचं नाही. त्याच्या डोक्यापुढची लाट तरंगत्या पिल्लालाच पुढे ढकलते आणि बरेचदा ते निसटतं. म्हणून पिल्लू जबड्यात नको, 2 सेंमी पुढे, लाटेच्या उतारावर, किंचित एका अंगाला कललेलं.